‘याची आई जेवली असेल का?’

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आजचा विषय जरा अवघड आहे. घराघरात दबक्या आवाजात बोलला जातो, गटावर कुणी टाकत नाही. म्हणूनच लिहितोय.

मागच्या वर्षी आपल्या परिवारातल्या एका घरी आम्ही काही जण आरतीला गेलो होतो. (नाव-गाव सांगत नाही, त्या घराला विचारूनच हे लिहिलं आहे.) घरात मोठा आनंद होता. नोकरीला हैदराबादेत असलेला मुलगा तीन वर्षांच्या नातवाला घेऊन आला होता. मुलाचं लग्न झालेलं नव्हतं. तिथं एका मुलीबरोबर तो चार वर्षं एकत्र राहिला, बाळ झालं, पुढं पटेना, दोघं वेगळे झाले. बाळ आईजवळ राहिलं. रविवारी भेटायला म्हणून हा गेला, बाळाला फिरवून आणतो म्हणाला आणि रात्रीच्या गाडीनं थेट घरी आला.

आम्ही काय केलं? पेढे खाल्ले. ‘आपलं रक्त आपल्या घरी आलं,’ असंही आमच्यातलेच दोघं-तिघं म्हणाले. बाळ मात्र पायांतले बूट काढू देईना. दाराशीच उभं. शेवटी आमच्यातल्या एका मावशींनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, ‘याची आई जेवली असेल का हो?’

कुणी काही बोललं नाही. आरती झाली, पण मन लागलं नाही.

नंतर आम्ही वकिली करणाऱ्या एका गुरुबंधूंना विचारलं. त्यांनी जे समजावलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं सहावं कलम म्हणतं की लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर वडील. लग्नाच्या मुलाच्या बाबतीत क्रम उलटा लिहिलाय, तरी पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडेच राहावं, असं तिथंही म्हटलं आहे. आणि या सगळ्याच्या वर तेरावं कलम: मुलाचं हित सर्वांत आधी. 2015 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर एका अविवाहित आईला, मुलाच्या वडिलांना नोटीस न देता पालकत्वाचा अर्ज करायची मुभा दिली. (गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, तिथल्या मंडळींनी तिथल्याच जाणत्या वकिलाला विचारावं.)

मग त्या मुलानं केलं तो गुन्हा का? इथं गंमत आहे. अपहरणाच्या कलमात, जुन्या दंडसंहितेच्या 361 मध्ये आणि आता न्याय संहितेच्या 137 मध्ये, एक अपवाद आहे. आपण त्या मुलाचे वडील आहोत असं प्रामाणिकपणे मानणाऱ्या माणसानं लग्नाबाहेरचं मूल नेलं, तर ते अपहरण धरत नाहीत. हेतू मात्र अनैतिक किंवा बेकायदा नसावा. म्हणजे पालक आई, पण नेणारा वडील असेल तर त्याला गुन्हेगार म्हणायला कायदा कचरतो. आईनं मग उच्च न्यायालयात किंवा कुटुंब न्यायालयात दाद मागायची.

सगळीकडे असं नाही. आपल्यातल्या कित्येकांची मुलं अमेरिकेत आहेत, म्हणून सांगतो. तिथल्या ॲरिझोना राज्यात, पितृत्व सिद्ध होऊन न्यायालय ताबा ठरवीपर्यंत अविवाहित आईच कायदेशीर ताबेदार. तिच्याकडून मूल नेणं किंवा परत न देणं हा तिथं गुन्हा आहे, नेणारा बाप असला तरी.

हे ऐकून त्या घरातले आजोबा म्हणाले, ‘म्हणजे आपल्याकडे गुन्हा नाही ना? झालं तर मग!’

खरा प्रश्न इथंच सुरू होतो. गुन्हा नाही, म्हणजे योग्य आहे का? कायद्यानं बापाला सोडलं ते त्याच्या मायेकडे पाहून. ‘तू बरोबर केलंस’ असं त्यानं कुठं म्हटलंय? शिक्षा नाही म्हणून जे करावंसं वाटतं, तिथंच साधकाची परीक्षा असते. पोलीस पाहत असताना कुणीही नीट वागतो.

बापाचं दुःख खोटं नसतं, हेही आम्ही मानतो. लग्न नाही म्हणून त्याची माया कमी होत नाही. काही ठिकाणी आईच रागानं मूल दाखवत नाही, फोन उचलत नाही. तेही तितकंच चूक. कायद्यानं आईला पहिली जागा दिली ती मूल सांभाळायला. सूड घ्यायला नाही. पण बापानं एक लक्षात ठेवावं. लग्न झालेलं नसलं तरी मुलाच्या पोटगीची जबाबदारी कायदा त्याच्यावर टाकतोच. आधी ती पाळावी, मग हक्काचं बोलावं. आणि हक्क मागायचाच तर तो उजेडात मागावा, न्यायालयात किंवा चार शहाण्या माणसांसमोर. रात्रीच्या गाडीनं नाही.

‘आपलं रक्त’ या शब्दाचाही विचार करू या. ते बाळ आईचं रक्त नाही का? कायद्याच्या मराठीत अशा मुलाला ‘अनौरस’ म्हणतात. करणी मोठ्यांची, शब्द चिकटला लेकराला. ज्ञानोबामाउलींना आणि त्यांच्या भावंडांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून कोणी हिणवलं? शास्त्र जाणणाऱ्या, स्वतःला धार्मिक म्हणवणाऱ्या लोकांनीच. आणि त्याच्याही कितीतरी आधी, छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम. गुरूंनी गोत्र विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, आईला ते ठाऊक नाही, मी जबालेचा मुलगा सत्यकाम. हारिद्रुमत गौतमांनी त्याला माघारी धाडलं नाही. खरं बोलला म्हणून जवळ घेतलं. आईच्या नावानं आलेल्या मुलाला गुरूच्या दारात जागा आहे, हे आपल्या परंपरेला फार आधीपासून माहीत आहे. विसरलो आपण.

त्या घरात पुढं काय झालं? मावशींचा प्रश्न आजोबांच्या मनातून जाईना. आठव्या दिवशी ते स्वतः बाळाला घेऊन हैदराबादला गेले. सगळं गोड झालं असं नाही. मुलीच्या आईनं त्यांना पाणीही विचारलं नाही. महिनाभर मुलगा वडिलांशी बोलला नाही. आता वकिलांसमोर लिहून भेटीचे दिवस ठरलेत, आणि आजी रविवारी फोनवर नातवाला पाहते. ती म्हणते, ‘हातात नाही, पण मनाला टोचत नाही.’

चुकलो आम्हीही. पेढा हातात घेण्याआधी विचारायला हवं होतं. म्हणून आपल्या सगळ्या केंद्रांना एवढीच विनंती: असं मूल कुणाच्या घरी आलं तर अभिनंदन करायची घाई करू नका. आधी आईला फोन लावायला सांगा, बाळ सुखरूप आहे एवढं तरी तिला कळू द्या. जाणत्या वकिलाचं नाव सुचवा. आणि ते लेकरू दाराशी बूट घालून उभं असेल, तर ते कुणाची वाट बघतंय, हे त्यालाच विचारा.

हा लेख घरच्या गटात मोठ्यानं वाचून दाखवावा, ही विनंती.

श्रीगुरुचरणी अर्पण.