पाच पांडाज, पाच कुट्या

सेवाग्रामला बापूकुटीत शिरणारा माणूस आधी भिंतींकडे पाहतो. माती, बांबू, लाकूड, वर कवेलू. १९३६ मध्ये गांधीजी या गावात, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. घर जवळपास मिळेल त्या साहित्यातूनच उभारावे, हा त्यांचा आग्रह. अपरिग्रहाचे व्रत इथे डोळ्यांना दिसते.

आता समजा, हिंगणघाटची एक विद्यार्थिनी कापसाच्या भावांची जुनी पायथन नोटबुक व्हीएस कोडमध्ये उघडते. ती पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीच्या १.५ आवृत्तीवर लिहिलेली, आणि तक्त्यांना ओळी जोडायला त्यात ‘अपेंड’ वापरलेले. एप्रिल २०२३ च्या पांडाज २.० ने ते काढून टाकले. नव्या कामासाठी तिने संगणकावरची एकुलती पांडाज बदलली आणि जुने काम अडले.

तोड माहितीतली आहे: दर कामाला वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या कामाच्या लायब्ररींचा स्वतंत्र फोल्डर. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून ही सोय पायथनसोबतच येते. त्यात आयपायकर्नल बसवायचे आणि नोटबुकच्या वर उजवीकडे ‘सिलेक्ट कर्नल’मधून तेच निवडायचे. नोटबुक हा नुसता लिहिलेला कागद. काम करतो तो कर्नल. लायब्ररी एकीकडे बसवली आणि कर्नल दुसरीकडचा निवडला, तर ‘मॉड्यूल सापडत नाही’ एवढेच उत्तर मिळते.

पण पाच कामांना पाच पांडाज? हा परिग्रहच नव्हे का? सेवाग्राम ज्या वर्ध्यात आहे, तिथे हा प्रश्न उडवून लावता येत नाही.

१९३० मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत, जी पुढे ‘मंगल प्रभात’ म्हणून छापली गेली, गांधीजींनी अपरिग्रह अस्तेयाला जोडला: गरज नसताना जवळ बाळगलेली वस्तू चोरीची नसली, तरी चोरीसारखीच. डोक्यात भरलेल्या निरुपयोगी ज्ञानालाही त्यांनी हीच कसोटी लावली. म्हणजे प्रश्न नगांचा नाही, गरजेचा आहे. सामाईक पायथनमध्ये वर्षानुवर्षे लायब्ररी साचतात; कोणती कशासाठी आणली हे आठवत नाही, म्हणून एकही काढायचा धीर होत नाही. खरा साठा तो. वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये कामापुरतेच असते. काम संपले की फोल्डर पुसावे. लायब्ररींची यादी जपली असेल तर पुन्हा उभारता येते. ज्यात जीव अडकत नाही, त्याला परिग्रह म्हणणे जड जाते.

शिवाय एन्व्हायर्नमेंटची ही कुटी पूर्ण स्वतंत्र नसतेच. मूळ पायथन आणि त्याची प्रमाण लायब्ररी सगळ्यांची एकच राहते. वेगळ्या असतात त्या वरून आणलेल्या वस्तू. मूळ पायथनच काढून टाकला, तर पाचही कुट्या एकदम बसतात.

एक कर्तव्य मात्र उरते. नोटबुकच्या फाइलीत कर्नलचे नाव नोंदलेले असते, त्यातल्या लायब्ररींची यादी नसते. हिंगणघाटच्या मुलीने ती नोटबुक आर्वीच्या मैत्रिणीला नुसती पाठवली, तर मैत्रिणीच्या हाती कुटीचे फक्त नाव पडेल. रिक्वायरमेंट्सची फाइल, आवृत्त्यांच्या आकड्यांसकट, सोबत द्यायला हवी.