पहिल्या विजयाचे वजन

खेळाच्या बाबतीत माझा अधिकार बेताचाच. विद्यार्थिदशेत खो-खोच्या संघात राखीव खेळाडू होतो आणि अखेरपर्यंत राखीवच राहिलो. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर क्रीडास्पर्धांचे नारळ फोडले, ढाली वाटल्या, इतकाच संबंध. तरीही या दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा मनात आला तो एक परदेशी, धसमुसळा खेळ आणि त्याच्या निमित्ताने मनात रुतून बसलेला एक प्रश्न. पहिल्या यशावरून एखाद्याविषयी निवाडा देण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे?

२०२३ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयता ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला मुलीच्या बाळंतपणासाठी गेलो होतो. मुलीचे घर शहराच्या उत्तर अंगाला. तिथून पुढे रेडक्लिफ नावाचे समुद्रात शिरलेले भूशिर लागते. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या भागात एकच विषय चालू होता. रेडक्लिफचा जुना, १९४७ साली स्थापन झालेला क्लब त्या वर्षी प्रथमच देशाच्या सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धेत उतरला होता. संघाचे नाव डॉल्फिन्स.

रग्बी लीग म्हणजे काय, हे मला जावयांनी पहिल्याच संध्याकाळी चहाच्या टेबलावर मीठदाणी आणि चमचे मांडून समजावले. प्रत्येक बाजूला तेरा गडी. चेंडू हाताने द्यायचा तो मागेच. पुढे देता येत नाही. चेंडूवाल्याला पकडून पाडले की एक टॅकल. सहा टॅकल झाले की चेंडू प्रतिपक्षाचा. अंतिम रेषेपलीकडे चेंडू टेकवला की चार गुण. आपल्या कबड्डीतली पकड आणि खो-खोतली धाव एकत्र करावी, तसे काहीसे मला वाटले. खेळाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधील क्लब मूळ रग्बी संघटनेतून फुटून निघाले. कारण काय, तर शनिवारी खेळायला गेल्यामुळे गिरणीतल्या आणि खाणीतल्या कामगारांची मजुरी बुडत असे. तिची भरपाई द्यायला वरची मंडळी तयार नव्हती. म्हणजे हा खेळ जन्माला आला तोच कष्टकऱ्यांच्या रोजंदारीच्या प्रश्नातून. तेव्हापासून मी थोडे आदराने पाहू लागलो.

तर या नवख्या डॉल्फिन्स संघाविषयी हंगामापूर्वी अनेक जाणकारांचे भाकीत होते की हा सतरा संघांत तळाला राहणार. नावाजलेले खेळाडू फारसे मिळाले नव्हते. आणि ५ मार्च २०२३ रोजी पहिलाच सामना पडला तो सिडनी रूस्टर्सशी. विजेतेपदाच्या दावेदारांत ज्यांचे नाव घेतले जात होते त्यांच्याशी. डॉल्फिन्सनी तो २८-१८ असा जिंकला.

आम्ही गेलो तेव्हा या घटनेला सहा आठवडे होत आले होते. लागोपाठ तीन विजय मिळवून संघ मग काही सामने हरलाही होता. पण लोकांच्या बोलण्यातून तो पहिला सामना हलत नव्हता. जावयांच्या घरी रविवारी चार मित्र जमत. त्यांच्यात दोन तट पडलेले. एक म्हणे, "रूस्टर्सना लोळवणारा संघ बाद फेरीत जाणार म्हणजे जाणारच." दुसरा म्हणे, "छे हो! त्या दिवशी रूस्टर्स झोपेत होते. एका सामन्यावरून काय ठरते?" दोघेही ऐंशी मिनिटांच्या त्याच खेळाचे साक्षीदार. एकाला त्यात भविष्य दिसे, दुसऱ्याला योगायोग.

मी एम. ए. ला तत्त्वज्ञान घेतले होते. त्यामुळे दुसऱ्या गृहस्थाच्या बाजूने माझे मन आपोआप झुकले. आपल्या प्राचीन तर्कशास्त्रात धूर आणि अग्नी यांचे उदाहरण ठरलेले आहे. स्वयंपाकघरात धुराबरोबर अग्नी एकदा पाहिला, एवढ्याने त्यांचा नित्य संबंध सिद्ध होत नाही. त्यासाठी भूयोदर्शन, म्हणजे पुनःपुन्हा पाहणे, आवश्यक मानले आहे. एका सामन्यावरून हंगामाचे अनुमान काढणारा हा नियम मोडतो. मी हे बोलूनही दाखवले. मंडळी सासऱ्यांचा मान राखून हसली.

पण त्या बैठकीत एक तिसरे गृहस्थ असत. शेजारचे, पंचाहत्तरीच्या घरातले, निवृत्त फिटर. जन्म रेडक्लिफचा. ते वादात पडत नसत. जावयांनी एकदा पहिल्या सामन्याचे चित्रण लावले तेव्हा मी त्यांच्याकडेच पाहत होतो. बाकीचे गुण मिळाले की ओरडत. हे मात्र भलत्याच क्षणी मान डोलवत. मी विचारले, आत्ता काय झाले? ते म्हणाले, "समोरचा सुटला होता. त्याला गाठणे शक्य नव्हते. तरी आपला गडी मागे धावत गेला. ते पाहिलेत का?" शेवटच्या दहा मिनिटांत कोण गुडघ्यांवर हात टेकून उभा आहे आणि कोण नाही, तेही ते मोजत होते.

मी त्यांना विचारले, "तुमचा अंदाज काय? हा संघ कुठवर जाईल?"

ते म्हणाले, "त्या दिवशी ते चांगले खेळले."

मला वाटले, माझे इंग्रजी त्यांना कळले नाही. मी प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी उत्तर पुन्हा तेच दिले. मग थोड्या वेळाने आपणहून सांगू लागले.

"याच मैदानावर मी १९८८ सालीही होतो. ब्रिस्बेन ब्रॉंकोज हा संघ तेव्हा नवा. पहिला सामना आदल्या वर्षीच्या विजेत्या मॅनलीशी. ४४-१० ने जिंकलो. सगळे शहर म्हणाले, चषक आलाच. त्या वर्षी आम्ही सातवे आलो. बाद फेरीतही नव्हतो. चषक आला १९९२ साली." आणि किंचित हसून पुढे म्हणाले, "तेव्हाचा प्रशिक्षक कोण होता ठाऊक आहे? आज डॉल्फिन्सचा आहे तोच."

वेन बेनेट हे त्या प्रशिक्षकाचे नाव. पूर्वी पोलिसात होते. पस्तीस वर्षांच्या अंतराने दोन नव्या संघांना त्यांनी पहिल्याच सामन्यात बलाढ्य प्रतिपक्षावर विजय मिळवून दिला. दोन्ही विजयांचे साक्षीदार असलेले हे वृद्ध गृहस्थ मात्र फक्त भूतकाळात बोलत होते. "चांगले खेळले." व्याकरणाच्या दृष्टीने साधे वाक्य. त्यात नैतिक शहाणपण किती आहे, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

एप्रिलअखेरीचा एक सामना आम्ही सर्वांनी मिळून पाहिला. डॉल्फिन्स गोल्ड कोस्ट टायटन्सविरुद्ध २६-० असे मागे पडले. निम्मी मंडळी उठून स्वयंपाकघरात चहाच्या चौकशीला गेली. तो सामना डॉल्फिन्सनी २८-२६ असा जिंकला! आरंभावरून शेवट सांगणारे त्या दिवशी तासाभरातच खोटे पडले. म्हातारबुवा खुर्चीतून हलले नव्हते. त्यांना विजयाची खात्री होती म्हणून नव्हे; सामना चालू होता म्हणून.

त्या रात्री मला झोप आली नाही. एक विद्यार्थी आठवत राहिला.

गोष्ट १९९८ मधली. मी तेव्हा तिशीतला उत्साही गणितशिक्षक होतो. आठवीत एक मुलगा आला, बेळगावजवळच्या खेड्यातला. वडील दगडाच्या खाणीवर कामाला. पहिल्या घटक चाचणीत त्याला पंचवीसपैकी पंचवीस मिळाले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी त्याला सर्वांसमोर उभे केले आणि म्हणालो, "हा मुलगा एसएसएलसीला गणितात शंभरपैकी शंभर मिळवणार. आपल्या शाळेचे नाव काढणार." टाळ्या झाल्या. मुलगा लाजून पायांकडे पाहत होता. मला वाटले, मी मोठे पुण्यकर्म केले.

सहामाहीत त्याला एकसष्ट मिळाले. वाईट नव्हते, पण शंभरच्या शेजारी ठेवले की ते एकसष्ट राहिले नाहीत, एकोणचाळीसची तूट झाली. पुढे चाचणीच्या दिवशी त्याचे पोट दुखू लागले. वर्गात हात वर करणे बंद झाले. एके दिवशी वडील शाळेत आले. म्हणाले, "सर, शंभर पडणार म्हणून तुम्हीच म्हणालासा की. मग ह्यो आळशी झालाय, दुसरं काय?" त्यांनी त्याला घरी मारले होते, हे मला मागाहून कळले. एसएसएलसीला गणितात चोपन्न गुण घेऊन तो आयटीआयला गेला.

मी त्याला कधी रागावलो नव्हतो. मी फक्त त्याची स्तुती केली होती. पण ती भविष्यकाळात केली होती.

इथे मला तो तर्कशास्त्राचा नियम अपुरा वाटू लागला. अपुऱ्या पुराव्यावरून अनुमान काढणे ही बुद्धीची चूक खरी. पण ती चूक भोगतो कोण, हा प्रश्न नीतीचा आहे. रविवारच्या बैठकीत कुणी म्हणाले, संघ बाद फेरीत जाणार, आणि तो गेला नाही, तर बोलणाऱ्याचे काय गेले? चहा पिऊन तो घरी जातो. आपल्या भाकिताचे ओझे तो स्वतः उचलत नाही. ते ज्याच्याविषयी केले, त्याच्या खांद्यावर जाऊन बसते. हजारो लोकांची आशा पेलणे हा व्यावसायिक खेळाडूच्या पेशाचा भाग आहे, असे म्हणता येईल. तेरा वर्षांच्या पोराचा तो पेशा नव्हता.

यावर कुणी विचारील, मग पहिल्या यशाचे कौतुक करूच नये काय? दुसऱ्या तटाच्या गृहस्थांसारखे "एवढ्याने काय होते" म्हणून थंडपणे बसावे? मुळीच नाही. ते गृहस्थही माझ्या मते चुकत होते. २८-१८ ही घडलेली गोष्ट आहे. पुढचे सगळे सामने हरले असते तरी ती पुसली गेली नसती. आनंदाला पुराव्याची गरज नसते. आनंद हा काही कुठल्या खटल्यातला साक्षीदार नव्हे. उद्याची हमी नाही म्हणून आजचे यश लहान मानणे, ही सावधगिरी नसून कृपणपणा आहे. गंमत अशी की दोन्ही तट एकच चूक करीत होते. दोघांनाही त्या विजयाची किंमत उद्याच्या मापानेच ठरवायची होती. एकाने त्यात उद्या पाहिला म्हणून तो मोठा, दुसऱ्याला उद्या दिसला नाही म्हणून तो छोटा. झालेल्या खेळाकडे पाहायला दोघांनाही सवड नव्हती. ती फक्त त्या फिटरला होती. म्हणूनच हरणार हे दिसत असतानाही मागे धावलेला गडी त्याला दिसला.

खरे मूल्यमापन तेच. यशात आपले कर्तृत्व किती, समोरच्याची चूक किती, दैवाचा वाटा किती, हे निवडून पाहणे. आणि जे खरोखर चांगले झाले त्याला नाव देणे. पराभवाची चिकित्सा सगळेच करतात. विजयाची चिकित्सा मात्र ज्याचे खरे प्रेम आहे तोच करतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २०२३ च्या त्या हंगामात डॉल्फिन्स नऊ सामने जिंकले, पंधरा हरले आणि तेरावे आले. २०२४ मध्ये ते पहिलाच सामना ४३-१८ असा सपाटून हरले आणि दहावे आले. २०२५ मध्ये पुन्हा पहिला सामना अवघ्या दोन गुणांनी गमावला आणि नववे आले. ज्यांनी त्यांना हरवले त्या साउथ सिडनीचे प्रशिक्षक तोवर बेनेटच झाले होते. तो संघ चौदावा आला. आणि ब्रॉंकोज? त्यांनी २०२५ चा आरंभ ५०-१४ अशा दणदणीत विजयाने केला आणि अखेरीस एकोणीस वर्षांनी चषकही जिंकला. म्हणजे पहिला विजय कधी खरा बोलतो, कधी खोटा. तो बोलतो असे मानणे हाच आपला भ्रम. तो फक्त घडतो.

माझा तो विद्यार्थी आज चाळिशी ओलांडून गेला आहे. मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे, हाताखाली दोन पोरे आहेत. शाळेची पाण्याची मोटार जळली की मी त्यालाच बोलावतो. आम्ही त्या जुन्या सकाळविषयी कधी बोललो नाही. गेल्या जुलैत त्याची मुलगी आमच्याच शाळेत आठवीत होती आणि पहिल्या चाचणीत गणितात तिला पंचवीसपैकी चोवीस मिळाले. तो मोटार बसवायला आला होता. मुलगी उत्तरपत्रिका घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आली. तो तिच्या मागे हात पुसत उभा राहिला. माझ्या तोंडाकडे पाहत होता.

मी उत्तरपत्रिका पाहिली. म्हणालो, "बाळ, चौथं उदाहरण तू फार छान सोडवलंस. ही पायरी तुला सुचली कशी, सांग बघू."

ती सांगू लागली. फळ्याजवळ जाऊन तिने खडूने आकृतीही काढली. मला वाटते, पाच-सात मिनिटे गेली असतील. मागे वळून पाहिले तर तो अजून तिथेच उभा होता. मग म्हणाला, "सर, मोटार चालू करून बघूया काय?" आणि आम्ही दोघे विहिरीकडे निघालो.