पुन्हा एकदा हात ठेवताना



बेथसैदा येथे लोकांनी एका आंधळ्याला प्रभू येशूकडे आणले. प्रभूने त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर, गलक्यापासून दूर नेले. डोळ्यांवर हात ठेवून विचारले, काही दिसते का? त्याला माणसे दिसली, पण चालत्या झाडांसारखी. प्रभू रागावला नाही. त्याने पुन्हा हात ठेवले, तेव्हा त्या माणसाला स्पष्ट दिसू लागले (मार्क ८:२२-२६).

स्वमग्नता हा बरा करायचा आजार नाही, कोणाच्या पापाची शिक्षा तर मुळीच नाही. पण स्वमग्न मुलांना शिकवण्याची रीत मात्र प्रभूच्या या रीतीसारखीच आहे: गोंगाट कमी, एका वेळी एकच पायरी आणि न जमल्यास पुन्हा एकदा. कागदी पिशवी करायची तर आधी फक्त घडी शिकवतात. ती जमली की खळ लावणे, मग दाबून धरणे. त्याबरोबरच रांगेत थांबणे, मदत मागणे, 'मला नको' असे सांगणे हेही शिकवावे लागते. हे आले नाही तर हातातले कौशल्य कामाच्या जागी टिकत नाही.

आपल्या नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. शाळा सुटल्यावर या मुलांचे काय, या प्रश्नातून अशा संस्थांत कार्यशाळा उभ्या राहतात. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश केला आणि १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण एकोणिसाव्या वर्षी काय? आईवडिलांची झोप उडवणारा प्रश्न हाच आहे.

आणि आपण काय करतो? मिस्सा चालू असताना एखादे मूल कानांवर हात ठेवून ओरडते, तेव्हा आपल्या माना मागे वळतात. आई मुकाट्याने त्याला बाहेर नेते. पुढच्या रविवारी ती येत नाही. प्रभूने त्या माणसाला स्वतः हात धरून बाहेर नेले होते. आपण मात्र नुसत्या नजरेने बाहेर काढतो.

बंधुभगिनींनो, वळून पाहण्याऐवजी थोडे सरकून जागा देऊ या. अशा मुलाला गीतांची पुस्तके बाकांवर मांडण्याचे काम देऊ या. पहिल्या रविवारी चुकेल, दुसऱ्या रविवारीही चुकेल. आपल्यापैकी कोणाचे दुकान, कारखाना वा कचेरी असेल, त्यांनी एक जागा राखून ठेवावी.

हे प्रभो, पुन्हा एकदा हात ठेवण्याचा धीर आम्हांला दे. आमेन.