मनोगत

शिबिराच्या तिसऱ्या संध्याकाळी डाळ संपली. पन्नास पोरं दिवसभर वनराई बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून आली होती. स्वयंपाकगटाची प्रमुख एफवायची, चारचौघांत तोंड न उघडणारी. ती उठली आणि तासाभरात चार घरांतून डाळ घेऊन आली. कोणाची किती उसनी, ते वहीत लिहिलं. बाजारच्या दिवशी फेडली.

दोन वर्षांनी तिच्या प्रमाणपत्रावर २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. डाळ कुठेच नाही.

हे शिबिर ज्या राष्ट्रीय सेवा योजनेचं (एनएसएस), ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. ब्रीद ठरलं ‘मी नव्हे, तुम्ही’. ब्रीद थोरच, पण त्यात मुरलेल्या पोराची मुलाखतीत ‘मी काय केलं’ सांगताना जीभ अडखळते. ‘एनएसएस केलंय’ एवढंच तो म्हणतो, आणि समोरचा मनात म्हणतो, दहा मार्कांसाठी केलं असेल.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत कामावरच शिकलेल्या गवंड्याच्या हाताची पारख करून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. भिंतीला ओळंबा लावता येतो. उसनवारीला, रात्री अकराला मिटवलेल्या भांडणाला कुठला ओळंबा लावायचा?

युरोपात युवा उपक्रमांसाठी २००७ पासून ‘यूथपास’ आहे. त्यात गुण नाहीत. आपण काय शिकलो ते मुलानं स्वतः लिहायचं, बरोबरच्या मार्गदर्शकाशी बोलून. मला त्या कागदापेक्षा ते बोलणं मोलाचं वाटतं. आपल्याकडे समारोपाला ‘मनोगत’ असतं. ‘खूप काही शिकायला मिळालं,’ म्हणून पोरगं टाळ्यांत खाली बसतं. काय शिकलास रे, हे आम्ही कार्यक्रम अधिकारीही विचारत नाही. पाहुण्यांची गाडी खोळंबलेली असते. उद्या अशा लिहिण्याला श्रेयांक जोडले, तर प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखी मनोगतंही एकमेकांची उतरवली जातील, ही धास्ती वेगळीच.

त्या मुलीला मी अर्धं पान लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं, ‘आम्ही स्वयंपाक केला.’ मी कागद परत दिला. तिला राग आला असावा. दोन दिवसांनी दुसरा कागद आला: ‘मागायला जाण्याआधी मी पातेल्यात वाट्या मोजल्या. किती कमी पडते ते ठाऊक असलं की मागताना लाज वाटत नाही.’