मालकी कुणाची?

खेळाच्या धंद्यात माणसाने किती घाटांचं पाणी प्यावं, याचा नमुना म्हणजे पीटर मूर. १९५५ साली लिव्हरपूलमध्ये जन्म. आधी पी.टी.चे मास्तर, मग अमेरिकेत बुटांच्या धंद्यात. रीबॉकमधून व्हिडिओ गेमवाली सेगा, तिथून मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, २००७ मध्ये ईए स्पोर्ट्सचे प्रमुख. आणि २०१७ मध्ये थेट लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे सीईओ, म्हणजे आपल्याच गावच्या संघाचा कारभार. त्यांच्या काळात क्लबने २०१९ ची चॅम्पियन्स लीग जिंकली, पुढच्या वर्षी तब्बल तीस वर्षांनी इंग्लंडची लीगही. त्याचं श्रेय मी प्रशिक्षक क्लॉप आणि त्यांच्या खेळाडूंना देईन. मूर यांच्या कारकिर्दीतले दोन फजितीचे प्रसंग मला जास्त बोलके वाटतात.

पहिला प्रसंग एक्सबॉक्स ३६० या गेम खेळायच्या यंत्राचा. यंत्रं धडाधड बंद पडू लागली, समोर तीन लाल दिवे. २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांची हमी दिली आणि दुरुस्तीसाठी शंभर कोटी डॉलरांहून जास्त रक्कम बाजूला काढली. पैसा ओतला, गिऱ्हाईक शांत झालं.

दुसरा एप्रिल २०२० चा. कोरोनाने सामने थांबलेले. क्लबने काही कर्मचाऱ्यांना घरी बसवून त्यांचा ८० टक्के पगार सरकारी योजनेतून घ्यायचं ठरवलं. नियमात बसत होतं. पण आदल्या हंगामात ४.२ कोटी पौंड नफा कमावलेल्या क्लबने सरकारपुढे हात पसरावा, हे चाहत्यांना पटलं नाही. दोनच दिवसांत निर्णय फिरला आणि मूर यांनी चाहत्यांना जाहीर पत्र लिहून माफी मागितली. कागदोपत्री मालक अमेरिकन कंपनी. जाब मात्र गावाने विचारला.

हे आम्हा बिदरकडच्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. भालकी तालुक्यातल्या खानापूरला मैलार मल्लण्णाची जत्रा भरते. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सगळे येतात. देवस्थानाचा कारभार कुणाकडेही असो, हिशेबात गडबड दिसली की भंडारा उधळणारा साधा माणूसही आवाज चढवतो.

गेमच्या कंपन्यांना ही भक्ती हवी असते, हा आवाज नको असतो. भालकीच्या बसस्टँडवर एक पोरगं मोबाइलवर फुटबॉल खेळत होतं. खेळाडूंच्या पत्त्यांचं पाकीट उघडलं, स्क्रीनवर लख्ख उजेड पडला, आणि निघाला कुणी फुटकळ बचावपटू, त्याला हवा असलेला स्टार खेळाडू सालाह नव्हे. ‘सालाह येतच नाय बघा,’ म्हणाला, आणि बस लागेपर्यंत पुन्हा खेळत बसला. मूर प्रमुख असतानाच, २००९ मध्ये, ईएच्या ‘फिफा’ या फुटबॉल गेममध्ये पत्त्यांचा हा प्रकार सुरू झाला. असली पाकिटं पैसे देऊनही घेता येतात. आत काय निघेल ते नशीब. बेल्जियमने २०१८ मध्ये त्याला जुगार ठरवलं. शिवाय कंपनीने सर्व्हर बंद केला की पोराने जमवलेला संघ गेला, आणि अशा वेळी जाहीर माफीचं पत्र कुणाला येत नाही.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी घातली, ते बरंच झालं. जमवलेला संघ कुणाच्या मालकीचा, या प्रश्नाला मात्र त्याने हात घातलेला नाही.