वायू कोणाचा, तारे कोणाचे?

सप्तर्षींच्या दिशेला, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचे एक लहानसे कुटुंब आहे. त्यातील थोरली एम ८१. शेजारची एम ८२ पुष्कळ लहान, परंतु तिच्या गाभ्यात ताऱ्यांच्या जन्माची नुसती झुंबड उडालेली. हे तेज तिचे एकटीचे नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ती थोरलीच्या जवळून गेली. त्या ओढीने तिच्यातील वायू गाभ्याकडे लोटला गेला, दाटला आणि त्यातून तारे पेटले. आता तेच तारे उरलेला वायू बाहेर उधळीत आहेत. थोरलीने उपकार केला की अपकार, आम्हांस ठरविता येत नाही.

याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या रेडिओ नकाशात या दीर्घिकांमध्ये हायड्रोजनचे पूल दिसले. प्रकाशचित्रात त्या सुट्या. वायूच्या चित्रात एकमेकींत गुंतलेल्या. ओढाताणीत सांडलेल्या अशाच वायूतून होमबर्ग ९ ही बटुदीर्घिका घडली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. तिचे बहुतेक तारे २० कोटी वर्षांच्या आतले, म्हणजे अगदी अलीकडचे. मग ती कोणाची? महसूल खात्यात जन्म गेल्याने आम्ही आधी मूळ खातेदार शोधतो. वायू थोरलीचा म्हणावा, तर तिने तो दिला नाही, सांडला. आणि हे तारे तिच्या घरी कधी नव्हतेच.

परवा नातवाने विचारले, "आजोबा, आपलं मूळ गाव कोणतं?" आम्ही सवयीने कोकणातले नाव सांगितले. ते आम्हीही पाहिलेले नाही.