औषधाचे पैसे कोणी भरले?

दुबईचा अल बर्शा हा भाग आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. २००५ साली तेथे मॉल ऑफ द एमिरेट्स उघडला. आज आसपास हॉटेलांची दाटी आहे. त्या हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या आणि रखवाली करणाऱ्या माणसांत रायगड-रत्नागिरीचा एखादा मुलगा सहज भेटतो. म्हणजे ज्या कोकणातून आपले वाडवडील मुंबईस आले, तिकडचाच.

असा मुलगा आजारी पडला तर खर्च कोणाचा? कायदा स्पष्ट आहे. दुबईच्या २०१३ सालच्या कायद्याने कामगाराचा आरोग्यविमा मालकाने उतरवायचा आहे आणि त्याचे पैसे पगारातून कापायचे नाहीत. पण कंपनी बुडते, विम्याची मुदत टळते, पगार थांबतो, आणि हॉस्पिटलचे बिल घेऊन माणूस भारतीय वकिलातीच्या दारी उभा राहतो. अशांसाठी भारत सरकारने २००९ साली ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ काढला. अडलेल्याचे तातडीचे उपचार, कोणी वारल्यास मृतदेह गावी पाठवणे, हे त्यातून होते. फार चांगले काम आहे. परंतु हा पैसा येतो कोठून? पासपोर्ट वगैरे कामांसाठी वकिलातीत जाणाऱ्यांकडून जी लहानशी जादा फी घेतात, तिच्यातून. म्हणजे मालकाने चुकवलेले पैसे पासपोर्ट बदलून घ्यायला आलेला दुसरा एखादा ड्रायव्हर भरतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

तेव्हा ज्या मालकांच्या माणसांवर हा निधी खर्च होतो, त्यांची नावे सरकारने जाहीर करावीत काय?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ साली असे केले. ज्यांचे पन्नास किंवा अधिक कामगार सरकारी वैद्यकीय मदतीवर आहेत, त्या मालकांची यादीच छापली. पुढे २०२० साली तेथील केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयाने काही राज्यांची माहिती काढली, तेव्हा वॉलमार्ट आणि मॅकडोनाल्ड्स ही नावे ठळकपणे पुढे आली. ह्यावर आक्षेप निघाले, आणि ते सगळेच पोकळ नव्हेत. ज्याच्याकडे लाखो माणसे, त्याचा आकडा मोठा येणारच. शिवाय यादीच्या भीतीने मालक गरजू माणसाला कामावरच घेणार नाही. मला हा दुसरा आक्षेप जड वाटतो. आखातात तर व्हिसा मालकाच्या हाती. आजारी माणसाला तो गुपचूप विमानात बसवून देईल.

‘नाव छापणे म्हणजे अब्रू घेणे’ हे मात्र मला पटत नाही. अब्रू आजही जाते, पण ती आजाऱ्याची. मदतीच्या अर्जात आपण कफल्लक आहोत हे त्याने दाखवून द्यायचे, आणि ज्याच्यामुळे ही पाळी आली तो नामानिराळा!

आणि मालक म्हणजे कोणी शेठच असतो असे नाही. इस्रायलमध्ये १९९५ पासून आपणा सर्वांना कायद्याने कुपत खोलीम आहे. पण आपल्या म्हाताऱ्या आईला सांभाळायला परदेशातून आलेली बाई त्यात येत नाही. तिचा विमा उतरवणे आपल्याकडे असते.

यादीचा खरा वाचक मला माणगाव-महाडकडे दिसतो. करारावर सही करण्यापूर्वी दलालाची चौकशी करता येते. बेकायदा दलालांची नावे परराष्ट्र मंत्रालय जाहीर करतेच. पण मागच्या माणसाच्या आजारपणात मालक कसा वागला, हे गावी परतलेल्या कोणाच्या तोंडून कळले तरच कळते.

म्हणून यादी असावी. एकूण कामगार किती आणि पैकी कितीजणांना निधी द्यावा लागला, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असावेत. छापण्यापूर्वी मालकाला महिनाभराची मुदत मिळावी, आणि त्याने रक्कम निधीत भरली तर त्याचे नाव गाळावे. आजाऱ्याचे नाव, गाव, दुखणे ह्यांतले काहीही येऊ नये. लहान गावात एवढ्या खुणेवरून घर ओळखायला वेळ लागत नाही.